तीन तासांत पाच राउंड: वॉरहॅमरचा स्पर्धेतला सामना वेळेत कसा संपवावा

वॉरहॅमर 40,000 या टेबलावर छोट्या मॉडेल्सनी खेळायच्या युद्धखेळाच्या पहिल्यावहिल्या स्पर्धेत हरण्यात काहीच वावगं नाही, जवळजवळ सगळेच हरतात. जिवाला लागतं ते सामना अर्धवट राहिल्यावर. तिसरा राउंड रंगात आलेला असतो, दोन्हीकडची निम्मी फौज अजून टेबलावर उभी असते, आणि आयोजक माइकवरून फासे खाली ठेवायला सांगतो. महिनोन्‌महिने रंगवलेली मॉडेल्स मग काही न करताच पेटीत परत जातात. समोरच्याचीही तीच गत होते, आणि त्याला तर आपल्यामुळे हे सोसावं लागलेलं असतं.

नवख्यांना वाटतं की वेळ फासे टाकण्यात जातो, म्हणून ते फासे घाईघाईने टाकतात. खरा वेळ जातो तो ठरवण्यात: हे युनिट (एकत्र हलणारा मॉडेल्सचा गट) पुढे न्यावं की मागे, कोणावर गोळीबार करावा, हा नियम नक्की काय म्हणतो. हात पटपट चालवून फार तर दहा मिनिटं वाचतील. ठरवण्याचं काम टेबलावर येण्याआधी आणि समोरच्याच्या टर्नमध्ये (पाळीत; दोघांचा एकेक टर्न मिळून एक राउंड) उरकलं, तर अर्धा-पाऊण तास वाचतो. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

इथले नियम 2023 साली आलेल्या दहाव्या आवृत्तीचे आहेत, आणि सामना प्रत्येकी 2000 पॉइंटच्या सैन्यांचा, म्हणजे स्ट्राइक फोर्स या आकाराचा, 60 बाय 44 इंचांच्या टेबलावरचा. ब्रिटनमध्ये एका दिवसात तीन किंवा दोन दिवसांत पाच सामने अशी स्पर्धांची रूढ पद्धत आहे. एका सामन्याला साधारण तीन तास मिळतात, काही ठिकाणी पावणेतीनच. स्पर्धेचं नियमपत्रक आधी येतं. त्यातली वेळेची ओळ सगळ्यात आधी वाचा.

सामना अर्धवट राहिला तर नेमकं काय जातं

एका सामन्यात जास्तीत जास्त 100 गुण असतात. 50 प्रायमरीचे (मुख्यतः ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे टेबलावरच्या ठरलेल्या जागा, ताब्यात ठेवल्याचे), 40 सेकंडरीचे (जादा कामं पार पाडल्याचे) आणि 10 सैन्य नीट रंगवलेलं असल्याचे. प्रायमरीचे गुण साधारणपणे दुसऱ्या राउंडपासून मोजायला सुरुवात होते. म्हणजे सामना तिसऱ्या राउंडला थांबला तर मोजणीच्या चार संधींपैकी दोनच मिळाल्या. जी सैन्यं सुरुवातीला मार खातात आणि शेवटी ऑब्जेक्टिव्हवर ठाण मांडून बसतात, उदाहरणार्थ मेलेली मॉडेल्स परत उठवणारे नेक्रॉन, त्यांचा तर कणाच मोडतो. याउलट पहिल्या दोन राउंडमध्ये सगळं उधळून देणाऱ्या सैन्याला फुकटचा फायदा होतो.

दुसऱ्या नंबरने खेळणाऱ्याचं नुकसान आणखी मोठं. पाचव्या राउंडमध्ये त्याला बहुतेक मिशनमध्ये टर्नच्या शेवटी प्रायमरी मोजता येते. शेवटचा शब्द त्याचा असतो, आणि सामना लांबला तर नेमका तोच टर्न कापला जातो. म्हणून वेळ पाळणं हा खेळाच्या न्यायाचा भाग आहे, असं मी मानतो.

मिनिटांचा हिशेब कागदावर मांडा

तीन तास म्हणजे 180 मिनिटं. त्यातली 20 मिनिटं ओळख, मैदानाची चर्चा आणि सैन्य मांडण्यात जातात. उरली 160, म्हणजे प्रत्येकी 80. आता ही 80 पाच राउंडमध्ये वाटायची. सरळ भागाकार केला तर राउंडला 16 मिनिटं येतात, पण खेळ तसा चालत नाही. दुसऱ्या राउंडला रिझर्व्हमधली (सुरुवातीला टेबलाबाहेर ठेवलेली) युनिट्स येतात, चार्ज (शत्रूवर धावून जाणं) होतात, सगळी धुमश्चक्री तिथेच होते. पाचव्या राउंडला टेबलावर मूठभर मॉडेल्स राहिलेली असतात.

मी ही वाटणी सुचवतो: पहिल्या राउंडला 18 मिनिटं, दुसऱ्याला 22, तिसऱ्याला 20, चौथ्याला 12 आणि पाचव्याला 8. टेबलावर लक्षात ठेवायला याहून सोपं म्हणजे शिल्लक वेळ. पहिला राउंड संपताना तुमच्या घड्याळात 62 मिनिटं हवीत, दुसरा संपताना 40, तिसरा संपताना 20, चौथा संपताना 8. हे चार आकडे एका चिठ्ठीवर लिहून घड्याळाला चिकटवा. स्पर्धेत वेळ कमी असेल तर त्याच प्रमाणात कापा.

नवख्यांचा सामना बहुतेक वेळा पहिल्या राउंडलाच बुडतो. समोरचं सैन्य पूर्ण उभं असतं, भीती वाटते, प्रत्येक युनिट इंच-इंच मोजून ठेवावंसं वाटतं. या राउंडला 35 मिनिटं घातलीत तर पुढच्या चार राउंडना मिळून 45 उरतात, आणि त्यातला दुसरा राउंड सगळ्यात जड.

सैन्य निवडताना

इंपीरियल नाइट्सचं 2000 पॉइंटचं सैन्य दोन हातांच्या बोटांवर मोजता येईल एवढंच असतं. ऑर्क, टिरॅनिड किंवा अस्त्रा मिलिटॅरमची पायदळाची फौज शंभराच्या वर सहज जाते. 120 मॉडेल्स असतील आणि प्रत्येकाला उचलून ठेवायला चार सेकंद धरले, तरी एका टर्नला नुसत्या हात हलवण्यात आठ मिनिटं गेली. विचार, मोजमाप, फासे यांचा हिशेब त्यानंतर.

म्हणून झुंडीचं सैन्य आवडत असलं तरी पहिल्या स्पर्धेला ते नेऊ नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. सरावाने ऑर्कसुद्धा वेळेत खेळता येतात, आणि खेळणारे खेळतातही. पण त्यांच्या हाताला वळण लागलेलं असतं. पहिल्यांदा साठ-सत्तरच्या आत मॉडेल्स ठेवा.

मॉडेल्सच्या संख्येइतकंच महत्त्व वेगवेगळ्या प्रकारच्या युनिट्सच्या संख्येला आहे. पंधरा युनिट्स पंधरा प्रकारची असतील तर पंधरा डेटाशीट (युनिटचे आकडे आणि नियम) डोक्यात ठेवाव्या लागतात. त्याऐवजी दोन-तीन युनिट्स एकाच प्रकारची घ्या. एकाचे आकडे पाठ झाले की तिघांचे झाले. आणि स्पर्धेच्या आठवड्यात कोणीतरी इंटरनेटवर जिंकताना दिसलं म्हणून सैन्य बदलू नका. कमी ताकदीचं पण ओळखीचं सैन्य वेळेत पाचवा राउंड गाठतं आणि तिथे गुण मिळवतं.

घरी करायची तयारी

सगळ्या सैन्याचा एका पानाचा तक्ता बनवा. अ‍ॅपमध्ये सगळं असतं हे खरं, पण फोन उघडा, युनिट शोधा, खाली सरकवा, यात दर वेळी अर्धं मिनिट जातं. तक्त्यात प्रत्येक युनिटची एक ओळ हवी: किती इंच चालतं, टफनेस (चिवटपणा), सेव्ह (फाशावर कितीला वाचतं), वूंड्स (किती जखमा सोसतं), आणि हत्यारांचे हल्ले, किती वर लागतं, स्ट्रेंग्थ, एपी (समोरच्याचा सेव्ह कितीने बिघडतो), डॅमेज. ओळीच्या शेवटी एकच वाक्य, ते युनिट कशासाठी घेतलंय याचं. 'मागचं ऑब्जेक्टिव्ह धरून बसायचं.' 'रणगाड्यांवर गोळीबार.' ऐन गोंधळात ते वाक्य वाचलं की निम्मे निर्णय आपोआप होतात.

वूंडचा, म्हणजे लागलेला वार जखम करतो का हे ठरवणारा, नियम तोंडपाठ हवाच. स्ट्रेंग्थ टफनेसच्या दुप्पट किंवा जास्त असेल तर 2+ (फाशावर 2 किंवा जास्त), नुसती जास्त असेल तर 3+, सारखी असेल तर 4+, कमी असेल तर 5+, निम्मी किंवा त्याहून कमी असेल तर 6+. दर वेळी इथे थबकणारे खेळाडू मी पाहिलेत, आणि एका सामन्यात हा हिशेब किती वेळा येतो ते बघितलं की याचं मोल कळतं.

डिटॅचमेंटच्या (सैन्यासाठी निवडलेल्या नियमसंचाच्या) सहा स्ट्रॅटजेम (कमांड पॉइंट खर्चून वापरायच्या युक्त्या) असतात, शिवाय सगळ्यांना सामाईक असलेल्या वेगळ्या. सगळ्या वापरायच्या नसतात. तुमच्या सैन्याला खरोखर उपयोगी अशा चार-पाच निवडा आणि फेजच्या क्रमाने लिहा: कमांड, मूव्हमेंट, शूटिंग, चार्ज, फाइट. समोरच्याच्या टर्नमध्ये वापरायच्या असतील त्या वेगळ्या रंगाने. बाकीच्या या स्पर्धेपुरत्या विसरा.

सामानात एकसारखे चाळीस-पन्नास फासे हवेत, शिवाय दुसऱ्या रंगाचे दहा-बारा. दहाच्या दोन-दोन ओळी लावून ठेवता येतील असा छोटा ट्रे हवा. टेपबरोबर 1, 2, 3, 6 आणि 9 इंचांच्या पट्ट्या ठेवा. दोन मॉडेल्समधलं 2 इंचांचं अंतर, ऑब्जेक्टिव्हपासूनचे 3 इंच, डीप स्ट्राइकसाठी (रिझर्व्हमधलं युनिट थेट मैदानात उतरवताना) शत्रूपासून 9 इंचांहून जास्त अंतर ही मापं पुन्हा पुन्हा लागतात, आणि टेप उघडण्या-बंद करण्यापेक्षा पट्टी टेकवणं कितीतरी सोपं. मॉडेल्स पेटीत भरतानाही मांडण्याच्या क्रमाने भरा, आधी लागणारी वर.

सराव दोन प्रकारचा. एक, घरच्या डायनिंग टेबलावर एकट्याने सैन्य मांडायचं. मैदानाच्या जागी पुस्तकं, डबे काहीही चालेल. पाच-सहा मिनिटांत मांडून होईपर्यंत हे करत राहा, एकदा पहिल्या नंबरने खेळणार असं धरून आणि एकदा दुसऱ्या. दुसरा, मित्राबरोबर घड्याळ लावून पूर्ण सामना. घड्याळाशिवाय केलेल्या दहा सामन्यांतून खेळ कळतो, वेग येत नाही.

टेबलावरची पहिली वीस मिनिटं

नमस्कार-चमत्कार झाले की एकमेकांच्या याद्या बघायच्या. समोरच्याचं प्रत्येक युनिट समजून घेत बसू नका. तीन प्रश्न पुरतात. सगळ्यात लांबून आणि सगळ्यात जोरात मारणारं काय आहे? सगळ्यात वेगाने माझ्यापर्यंत काय पोहोचू शकतं? आणि माझ्या टर्नमध्ये तू काय काय करू शकतोस? तिसरा प्रश्न सोन्यासारखा. ओव्हरवॉच (दुसऱ्याच्या टर्नमध्ये गोळीबार), हिरोइक इंटरव्हेन्शन (दुसऱ्याच्या टर्नमध्ये चार्ज), रॅपिड इनग्रेस (दुसऱ्याच्या टर्नमध्ये रिझर्व्ह उतरवणं) किंवा त्याच्या सैन्याची खास युक्ती आधीच कळली की ऐन वेळी 'हे तू आधी सांगितलं नाहीस' असा वाद होत नाही. तुमच्या सैन्याबद्दलही ही तीन उत्तरं न विचारता द्या.

मग मैदान. पडक्या इमारतींचा तळमजला खिडक्या असूनही बंद धरायचा का, कंटेनरवर चढता येतं का, कोणत्या भिंतीतून पायदळ जाऊ शकतं, हे सगळं आत्ताच ठरवा. बहुतेक स्पर्धांच्या नियमपत्रकात याची उत्तरं असतात, पण दोघांनी मोठ्याने बोलून घेतलेलं बरं. इथे घातलेली दोन मिनिटं तिसऱ्या राउंडला दहा मिनिटं वाचवतात.

सेकंडरीसाठी फिक्स्ड आणि टॅक्टिकल असे दोन पर्याय असतात. टॅक्टिकलमध्ये दर टर्नला पत्ते ओढायचे, वाचायचे, त्यानुसार बेत बदलायचा. गुण मिळवायला हा मार्ग अनेकदा चांगला, पण नवख्याचा वेळ खातो. पत्त्यांची पुरेशी ओळख नसेल तर पहिल्या स्पर्धेला फिक्स्ड घ्या. दोन ठरलेली कामं, पाचही राउंड तीच. गुण थोडे कमी मिळाले तरी डोकं मोकळं राहतं.

हालचाल: वेळेचं सगळ्यात मोठं भोक

पाचही फेजमध्ये मूव्हमेंट सगळ्यात जास्त वेळ घेते. इथे तीन सवयी लावून घ्या.

पहिली, सगळी मॉडेल्स मोजू नका. युनिटमधलं सगळ्यात पुढचं मॉडेल मोजून ठेवा, बाकीची त्याच्यामागे आधीच्याच रचनेत सरकवा. मागच्या भिंतीआडचं युनिट 5.8 इंच चाललं की 6, याने काही बिघडत नाही. मोजमाप काटेकोर हवं ते ऑब्जेक्टिव्हच्या कडेला, चार्जच्या अंतरावर आणि शत्रूच्या नजरेच्या रेषेत.

दुसरी, मनातलं मोठ्याने बोला. 'ही पाच जणं या भिंतीमागे ठेवतोय, तुझ्या त्या रणगाड्याला दिसू नयेत अशी. बरोबर?' समोरचा वाकून बघतो, हो म्हणतो, आणि विषय संपतो. नंतर कोपर मिलिमीटरभर पुढे आलं म्हणून वाद होत नाही, कारण हेतू दोघांनी मान्य केलेला असतो. 'इथून तुझ्या माणसांपर्यंत नऊ इंचांहून जास्त आहे, तू पण बघून घे' हेही तसंच. स्पर्धांमध्ये अनुभवी खेळाडू अखंड बोलत असतात ते उगाच नव्हे. ब्रिटनमधल्या सभागृहात शे-दोनशे माणसांचा कलकलाट असतो आणि संभाषण इंग्रजीत. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या आपल्या मुलामुलींनी अशी चार-पाच वाक्यं इंग्रजीत आधीच तयार ठेवावीत. आकडा सांगताना बोटंही दाखवा, म्हणजे पुन्हा सांगावं लागत नाही.

तिसरी, क्रम ठरवून घ्या. जी युनिट्स नुसती उभी राहणार आहेत त्यांची नावं आधी एका दमात सांगून टाका: 'ही तीन हलत नाहीत.' मग सोपी युनिट्स हलवा, आणि ज्याच्यावर टर्न अवलंबून आहे ते अवघड युनिट शेवटी. नवखे उलटं करतात. अवघडापाशी अडकतात आणि सोपी कामं घाईत चुकवतात.

फासे: एक हल्ला जवळून बघू

ऑर्कच्या वीस बॉइझच्या (साध्या सैनिकांच्या) युनिटने पाच इंटरसेसर्सवर (स्पेस मरीन सैनिकांवर) चार्ज केला असं समजा. त्यातले दोन नॉब (म्होरके) वेगळे ठेवू, कारण त्यांची हत्यारं वेगळी. उरले अठरा. प्रत्येकाच्या चॉपाचे (जवळून मारायच्या हत्याराचे) तीन हल्ले, म्हणजे 54. नियमच सांगतो की सारखे हल्ले एकत्र टाकता येतात, तेव्हा एकेका मॉडेलसाठी तीन-तीन फासे टाकत बसायचं कारण नाही.

आधी मोठ्याने सांगा: 'चोपन्न हल्ले, 3+ वर लागतात.' फासे दहाच्या गटात मोजून घ्या. पन्नासच असतील तर आधी 27, मग 27. टाकल्यावर लागलेले फासे वेचू नका. तांदूळ निवडताना आपण खडे वेचतो, तांदूळ नाही, तसं इथे 1 आणि 2 आलेले उचला. 54 पैकी साधारण 18 उचलावे लागतील, 36 जागीच राहतील. तेच 36 ओंजळीत घेऊन वूंडसाठी टाका. स्ट्रेंग्थ 4, टफनेस 4, म्हणजे 4+. सरासरीने 18 उरतात. आता ते 18 फासे समोरच्याच्या हातात द्या. इंटरसेसर्सचा सेव्ह 3+, चॉपाचा एपी 1, म्हणजे 4+ वर वाचतील. सरासरीने नऊ वूंड्स आत जातात. प्रत्येकी दोन वूंड्स, म्हणजे चार मेले आणि पाचवा जखमी. नॉबनी त्याला संपवायचं.

सरावलेल्या हातांना हे सगळं मिनिटभरात होतं. नवख्याला पाच मिनिटं लागतात, कारण तो मध्येच थांबून 3+ की 4+ ते शोधतो, फासे जमिनीवर पडले तर वाकून बघतो, आणि लागलेले फासे एकेक करून वेचतो. फासा ट्रेबाहेर गेला तर तो पुन्हा टाकायचा हे सामन्याआधीच ठरवून टाका.

ज्या हल्ल्यात फक्त 5 किंवा 6 लागतो तिथे याच्या उलट करा, लागलेलेच वेचा. नेहमी जे कमी असेल ते उचलायचं. 6 आल्यावर जादा हिट किंवा आपोआप वूंड मिळत असेल तर ते फासे बाजूला वेगळी ओळ करून ठेवा. वेगळ्या हत्याराचे हल्ले दुसऱ्या रंगाच्या फाशांनी त्याच वेळी टाका. फक्त एका युनिटमध्ये वेगवेगळ्या सेव्हची मॉडेल्स असतील तर एकेक करून टाकावं लागतं, तिथे घाई करू नका.

आणि हल्ला करण्याआधी डोक्यात सरासरी काढायची सवय ठेवा. वर आलेला 54, 36, 18, 9 हा हिशेब तोंडी करता येतो. तीन वूंड्सच जाणार असतील आणि त्याने काहीच बदलत नसेल, तर तो गोळीबार सोडून द्या. सोडून दिलेला हल्ला हा सगळ्यात लवकर उरकणारा हल्ला.

समोरच्याच्या टर्नमध्ये विचार करा

तो हालचाल करत असताना फोन बघू नका. त्याचं युनिट कुठे थांबतंय ते बघा आणि पुढच्या टर्नचा बेत करा. तुमची पाळी येईपर्यंत दोन गोष्टी ठरलेल्या हव्यात: कोणतं ऑब्जेक्टिव्ह या टर्नला घ्यायचं किंवा धरायचं, आणि त्याचं कोणतं एक युनिट मारायचं. एकच. तीन मारायचं ठरवलं की एकही नीट मरत नाही आणि वेळ मात्र तिघांचा जातो.

सेव्हचे फासे हातात तयार ठेवा. त्याने 'अठरा' म्हणताच टाका. मेलेली मॉडेल्स तुम्हीच लगेच उचला. तुमच्या कमांड फेजची कामं क्रमाने लिहून ठेवलेली असू द्या: दोघांना एकेक कमांड पॉइंट, निम्म्याहून कमी उरलेल्या युनिट्सची बॅटलशॉक (धीर खचतो का याची) चाचणी, प्रायमरीची मोजणी. दोन मिनिटांत हे उरकायला हवं.

घड्याळ

अनेक स्पर्धांत बुद्धिबळासारखं दुहेरी घड्याळ वापरतात. एखाद्याने मागितलं तर दुसऱ्याला नकार देता येत नाही, असंही काही नियमपत्रकांत असतं. घड्याळ मागितलं म्हणजे अविश्वास दाखवला असं मानू नका. नवख्याचा तर त्यात फायदाच आहे. आपला वेळ कुठे जातो ते दिसतं, आणि समोरच्याचा संथपणा आपल्या वाट्याच्या वेळात जात नाही.

तत्त्व सोपं आहे, जो काम करतो त्याचा वेळ चालतो. तुमच्या टर्नमध्ये समोरचा ओव्हरवॉच करायचा की नाही याचा विचार करत बसला, तर घड्याळ त्याच्याकडे फिरवा. दोन-चार सेव्ह टाकण्यापुरतं कोणी फिरवत नाही, मोठा ढीग असेल तर फिरवतात. किती फाशांच्या पुढे फिरवायचं ते सुरुवातीला बोलून घ्या. नियमाची शंका आली आणि जजला बोलावलं तर घड्याळ थांबवायचं, जज गेल्यावर सुरू करायचं. सुरू करायला दोघंही विसरतात, तिकडे लक्ष ठेवा.

बुद्धिबळ खेळलेल्यांना एक फरक सांगायला हवा. तिथे झेंडा पडला की डाव गेला. इथे वेळ संपला म्हणून सामना संपत नाही. बहुतेक ठिकाणी ज्याचा वेळ संपला त्याला हालचाल, गोळीबार, चार्ज काहीच करता येत नाही. सेव्ह टाकता येतात आणि हातात असलेल्या ऑब्जेक्टिव्हचे गुण मोजता येतात. समोरचा आपल्या उरलेल्या वेळात खेळत राहतो. बारकावे स्पर्धेगणिक बदलतात, म्हणून नियमपत्रकातला तो परिच्छेद दोनदा वाचा. यातून एक डावपेचही निघतो: वेळ संपत आलाय असं दिसलं तर आधी युनिट्स ऑब्जेक्टिव्हवर नेऊन उभी करा, मारामारी नंतर.

समोरचाच संथ असेल तर

घड्याळ नसेल तर हे अवघड होतं. पहिला राउंड संपताच शांतपणे बोला: 'आपला एक राउंड झाला आणि तास गेलाय. पाच राउंड व्हावेत असं मला वाटतं, थोडं पटपट घेऊया का?' बहुतेक लोक लगेच सावरतात. नसतील सावरत तर घड्याळ मागा. तरीही फरक पडला नाही तर जजला सांगा, आणि ते तिसरा राउंड सुरू व्हायच्या आत सांगा. शेवटच्या दहा मिनिटांत तक्रार केली तर जजच्या हातात फारसं काही राहत नाही. मुद्दाम वेळ काढणाऱ्याला ताकीद मिळू शकते, गुणही कापले जातात. पण मुद्दाम करणारे थोडेच असतात. संथ खेळाडू बहुधा तुमच्यासारखाच नवखा असतो. त्याचा तक्ता तयार नसेल तर त्याचे आकडे तुम्हीच पटकन वाचून सांगा, सामना दोघांचाच आहे.

शेवटचा अर्धा तास

घड्याळात तीस मिनिटं उरली की दोघांनी थांबून एक मिनिट बोला. किती टर्न शक्य आहेत? नवा राउंड तेव्हाच सुरू करा जेव्हा दोघांनाही त्यात पूर्ण टर्न मिळेल. एकाला टर्न मिळून दुसऱ्याला न मिळणं यासारखा अन्याय नाही.

या टप्प्यावर फक्त गुणांकडे बघा. ज्या हल्ल्याने गुणांत फरक पडत नाही तो करू नका, मग समोर कितीही चांगलं सावज असो. कोपऱ्यातले दोन जखमी सैनिक एकमेकांशी लढतायत ते तसेच राहू द्या. शेवटचा टर्न खेळण्याइतका वेळ नसेल तर काही स्पर्धांत दोघांच्या संमतीने बोलून निकाल ठरवता येतो: 'मी इथे येईन, हे ऑब्जेक्टिव्ह घेईन, तू ते परत घेऊ शकत नाहीस, मान्य?' हे चालतं का ते जजला आधी विचारा, आणि फाशांवर अवलंबून असलेलं काही ओढूनताणून मान्य करून घेऊ नका.

गुण प्रत्येक टर्नच्या शेवटी दोघांनी मोठ्याने बोलून, दोन्ही कागदांवर लिहा. शेवटी बसून आठवत बसलात तर पाच मिनिटं जातात आणि आकडे जुळत नाहीत. निकाल बेस्ट कोस्ट पेअरिंग्ज किंवा स्पर्धेचं जे अ‍ॅप असेल त्यात लगेच भरा, कारण पुढच्या फेरीच्या जोड्या सगळ्यांचे निकाल आल्यावरच लागतात. मग कागदाच्या मागे प्रत्येक राउंड संपताना घड्याळात किती मिनिटं होती ते लिहा, 62, 40, 20, 8 च्या शेजारी. मॉडेल्स पुन्हा मांडण्याच्या क्रमाने पेटीत भरा, पाणी प्या, काहीतरी खाऊन घ्या. पुढचा सामना बहुधा अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतो.